चिनी मध्यशरद पौर्णिमा : पूर्णचंद्राच्या सणाची कूळकथा

कोजागरीच्या रात्री आटीव दुधाचे पातेले चांदण्यात ठेवून गच्चीवर जागत बसण्याचा आपला प्रघात जुना आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या घरांतूनही तो सुटलेला नाही. २०२५ साली ही कोजागरी ६ ऑक्टोबर रोजी आली. त्याच रात्री चीन देशातही असंख्य कुटुंबे अंगणांत, सज्जांत आणि नदीकाठी चंद्रदर्शनासाठी जमली होती. दोन्ही सण एकाच रात्री येण्याचा योग मात्र नेहमी जुळत नाही.

चिनी लोकांची ही पौर्णिमा त्यांच्या आठव्या महिन्याची. त्यांच्या पंचांगात सातवा, आठवा आणि नववा हे तीन महिने शरदाचे. त्यांतला मधला आठवा, आणि त्या महिन्याचा मधला दिवस पंधरावा. म्हणून सणाचे नाव ‘चोंगच्यू’, म्हणजे मध्यशरद. चिनी महिना आपल्या मराठी महिन्याप्रमाणे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चालतो; पौर्णिमेला तो निम्मा होतो. माळव्यात आणि ग्वाल्हेरीस आपल्या हिंदीभाषी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, हा भेद तिकडच्या वाचकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. या बाबतीत चिनी माणूस आपल्या पंक्तीला बसतो. एरवी त्यांची ही रात्र आपल्या भाद्रपद पौर्णिमेशी जुळते, जिच्या पाठोपाठ आपल्याकडे पितृपक्ष लागतो. परंतु सौर वर्षाशी मेळ घालण्यासाठी दोन्ही पंचांगांत अधिक महिना धरावा लागतो, आणि तो दोघांकडे एकाच वेळी येतो असे नाही. त्यांचा अधिक महिना २०२५ मध्येच येऊन गेला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ चा. त्यामुळे त्या वर्षी त्यांची मध्यशरद पौर्णिमा महिनाभर पुढे सरकून आपल्या कोजागरीस येऊन मिळाली.

हा सण आज कुटुंबाच्या पुनर्मीलनाचा म्हणून ओळखला जातो. घरच्या सर्व माणसांनी त्या रात्री एकत्र जेवावे, एकत्र चंद्र पाहावा, असा त्याचा संकेत. त्याचा इतिहास चाळताना मात्र आम्हांस एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. या रात्रीची जी वर्णने शतकानुशतके टिकली, त्यांतील पुष्कळशी घर सोडून आलेल्या, नाहीतर घर गमावून बसलेल्या माणसांनी लिहिलेली आहेत. पूर्णचंद्राचा हा सण वाढवला तो ज्यांच्या पंक्तीत कोणीतरी कमी होते अशांनी, असे म्हणावेसे वाटते. प्रस्तुत लेखात ही कूळकथा क्रमाने सांगण्याचा यत्न आहे.

चंद्राची पूजा चीनमध्ये फार प्राचीन, पण आरंभी ती घरगुती नव्हती. वसंतात सूर्याला आणि शरदात चंद्राला बली अर्पण करणे हे राजाचे कर्तव्य मानले जाई. ‘मध्यशरद’ हा शब्दही जुन्या विधिग्रंथांत आढळतो, परंतु तेथे तो केवळ ऋतूचा निर्देश करतो, सणाचा नव्हे. ही राजकीय पूजा पुढे दीर्घकाळ चालली. मिंग घराण्यातील च्याचिंग सम्राटाने १५३० साली बीजिंग नगराच्या पूर्वेस सूर्याची आणि पश्चिमेस चंद्राची वेदी बांधविली. चंद्रवेदीवरील पूजा शरदसंपाताच्या दिवशी सायंकाळी होई. संपात हा सूर्याच्या गतीवरून ठरणारा दिवस. त्या संध्याकाळी आकाशात पूर्णबिंब असेलच असे नव्हे. तेव्हा लोकांच्या पौर्णिमेचा आणि राजाच्या या विधीचा संबंध आपण समजतो तेवढा निकटचा नव्हता.

लोकांमध्ये या विशिष्ट रात्रीचे चंद्रदर्शन रूढ झाल्याच्या खुणा तांग राजवटीत, म्हणजे इ. स. च्या सातव्या ते नवव्या शतकांत, स्पष्ट दिसू लागतात. इ. स. ७९६ मध्ये औयांग चान नावाच्या विद्वानाने राजधानी छांगआन येथे या रात्री एक कविता रचली आणि तिला छोटीशी प्रस्तावना जोडली. चंद्र पाहण्यास हीच रात्र का निवडावी, याचा ऊहापोह तीत आहे. हिवाळ्यात दहिवर आणि थंडी माणसाला बाहेर बसू देत नाहीत. उन्हाळ्यात वाफ आणि ढग चंद्राला झाकून टाकतात. शरद या दोहोंच्या मध्ये, आठवा महिना शरदाच्या मध्ये, पंधरावी रात्र महिन्याच्या मध्ये, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या निरभ्र रात्री ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे सहज पटेल. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्या बैठकीस जमलेल्या मंडळींनी. औयांग चान आणि त्याचे सोबती दूर दक्षिणेच्या समुद्रकाठच्या प्रदेशातले, आजच्या फूच्येन प्रांतातले होते. राजधानीत ते परगावचे म्हणूनच राहत होते. आपल्यापैकीच एकाच्या बिऱ्हाडी ते त्या रात्री चंद्र पाहण्यास जमले. या रात्रीचे असे सविस्तर समर्थन लिहिले गेले ते परमुलखात एकत्र आलेल्या गाववाल्यांच्या मेळाव्यात.

चंद्राकडे पाहताना या लोकांच्या मनात कोणत्या कथा होत्या, हेही येथेच पाहिले पाहिजे. सर्वांत प्रसिद्ध कथा छांग-अ या स्त्रीची. तिचा पती यी हा थोर धनुर्धर. त्याने पश्चिमेच्या राणीमातेकडून अमरत्वाची वनस्पती मिळविली. छांग-अने ती चोरली आणि ती चंद्रावर निघून गेली. इ. स. पू. १३९ मध्ये हान सम्राट वू यास सादर झालेल्या ‘ह्वायनान्‌त्स’ या ग्रंथात ही कथा थोडक्यात आली आहे. पुढे ज्योतिषी चांग हंग याने दिलेल्या कथेत ती चंद्रावर पोहोचल्यावर बेडूक होते. लोकांनी मात्र कालांतराने तिच्यावर दया केली. दुष्टाच्या हाती औषध लागू नये म्हणून तिने ते नाइलाजाने गिळले आणि पतीपासून कायमची दुरावली, असे तिचे रूप पुढे अधिक लोकप्रिय झाले. चोरीची कथा अशी विरहाची कथा बनली. चंद्रावरचा दुसरा रहिवासी वू कांग. नवव्या शतकातील एका संग्रहात त्याची हकीकत येते. तपश्चर्येत काही प्रमाद घडल्यामुळे त्याला चंद्रावरचा प्रचंड ‘क्वे’ वृक्ष तोडण्याची शिक्षा झाली. पण कुऱ्हाडीचा घाव पडतो न पडतो तोच तो भरून येतो. ‘क्वे’ची बारीक सुवासिक फुले नेमकी याच सुमारास फुलतात, आणि त्यांचा वास दिलेले मद्य या सणाला पितात.

तिसरा रहिवासी ससा, आणि तो आपल्याही ओळखीचा. संस्कृतात चंद्राला शशांक म्हणतात. अतिथीला देण्यासारखे काहीच नाही म्हणून अग्नीत उडी घेणाऱ्या आणि इंद्राने चंद्रावर कोरून ठेवलेल्या सशाची जातककथा प्रसिद्ध आहे. सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेला चिनी भिक्षू ह्युएनत्संग याने वाराणसी परिसरात या कथेचे स्मारक असलेला स्तूप पाहिला आणि ससा, कोल्हा व वानर यांची ती कथा आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. हाच प्रवासी पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे लोक, असे आपल्या पूर्वजांचे वर्णन त्यानेच केले आहे. यावरून चंद्रावरचा ससा चीनला हिंदुस्थानातून गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरणेच योग्य. हूनान प्रांतातील मावांगत्वे येथे १९७२ साली उत्खननात सापडलेल्या रेशमी पटावर चंद्रकोरीवर बेडूक आणि ससा दोन्ही रंगविलेले आहेत. आणि तो पट इ. स. पू. दुसऱ्या शतकातला, म्हणजे बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीचा आहे. दोन्ही देशांनी चंद्रावरच्या डागांत ससा पाहिला. पण आपला ससा दानशूर, तर त्यांचा ससा वैद्य. तो खलबत्त्यात अमरत्वाचे औषध कुटत बसलेला असतो.

तांगांनंतर आलेल्या सोंग राजवटीत ही रात्र विद्वानांच्या बैठकीतून बाहेर पडून बाजारात आली. सोंगांची राजधानी पिएनचिंग, म्हणजे आजचे काइफंग. तेथल्या मध्यशरदाचे वर्णन मंग युआनलाओ याने केले आहे, आणि ते वाचताना त्या गल्ल्यांतून हिंडल्याचा भास होतो. सणापूर्वी सगळ्या मद्यशाळांत नवे मद्य येई. दुकानांच्या दर्शनी भागावरच्या रंगीत कमानी नव्याने सजविल्या जात. गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडे की दुपार कलता कलता घरोघरचे मद्य संपून दुकानदार आपली निशाणे खाली उतरवीत. नवे खेकडे, डाळिंबे, नासपती, बोरे, द्राक्षे, संत्री बाजारात आलेली असत. रात्री श्रीमंतांच्या घरी गच्च्या आणि मंडप शृंगारले जात. सामान्य लोक मद्यशाळांच्या माडीवर जागा पकडण्यासाठी धावत. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना मध्यरात्री आतून येणारे वाद्यांचे सूर ढगांपलीकडून यावेत तसे ऐकू येत. गल्लीतली पोरे रात्रभर खेळत आणि रात्रीचा बाजार उजाडेपर्यंत गजबजलेला राही.

हे सारे त्याने कधी लिहिले, ते महत्त्वाचे. मंग युआनलाओ वडिलांबरोबर ११०३ साली काइफंगला आला आणि तेथेच वाढला. ११२७ मध्ये उत्तरेकडील जुर्चेनांनी ते नगर घेतले, दोन सम्राटांना कैद करून नेले, आणि हजारो कुटुंबांप्रमाणे मंगही दक्षिणेकडे परागंदा झाला. त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना ११४७ सालची आहे. तोवर वीस वर्षे लोटली होती. काइफंग पाहिलेली पिढी संपत चालली होती, आणि तरुणांना त्या वैभवाच्या गोष्टी अतिशयोक्त वाटू लागल्या होत्या. म्हणून त्याने आठवेल तेवढे लिहून काढले आणि पुस्तकाला पूर्वेकडील राजधानीच्या स्वप्नाचे नाव दिले. दुकानदाराने निशाण कोणत्या प्रहरी उतरविले, असली क्षुल्लक गोष्ट ज्याच्या दारात ते दुकान आहे तो लिहीत नाही. ज्याला तेथे परत जाता येणार नाही तोच लिहितो.

दक्षिणेत पळून आलेल्या दरबाराने हांगचौ येथे बस्तान बसविले. पण काइफंग परत मिळेल या आशेने त्या नगराला कित्येक वर्षे राजाचा ‘तात्पुरता मुक्काम’च म्हटले जाई. मुक्काम दीडशे वर्षे टिकला. तेथील मध्यशरदाविषयी वू त्समू लिहितो की बोळांत राहणारी गरीब माणसेसुद्धा अंगावरची वस्त्रे देऊन मद्य आणीत, पण ही रात्र आनंदाशिवाय जाऊ देत नसत. चौ मी याने नदीवर सोडलेल्या दिव्यांचे वर्णन केले आहे. मेंढीच्या कातड्याचे लाखो छोटे दिवे पाण्यावर तरंगत, आणि नदी चांदण्यांनी भरल्यासारखी दिसे. हा केवळ देखावा नव्हता, नदीच्या देवतेला संतुष्ट करण्याचा तो उपाय होता, असेही तो नमूद करतो. चौ मीच्या लेखनामागेही तीच कहाणी आहे. १२७६ मध्ये हांगचौ मंगोलांच्या हाती गेले, आणि सोंगांचे राज्य बुडाल्यावर जुन्या राजधानीच्या आठवणी जुळविण्यात त्याने उरलेले आयुष्य घालविले.

याच सोंगकाळातील कवी सू शी याने मध्यशरदाला जे स्थान मिळवून दिले ते आजतागायत ढळलेले नाही. १०७६ साली तो शांतुंगमधील मीचौ येथे अधिकारी होता. धाकटा भाऊ सू च याची कित्येक वर्षांत भेट नव्हती. त्या पौर्णिमेला सू शी उजाडेपर्यंत मद्य पीत बसला आणि भावाच्या आठवणीने त्याने एक पद रचले. ते आजही चिनी शाळांतून मुखोद्गत केले जाते. चंद्राच्या वृद्धिक्षयाप्रमाणे माणसांच्या भेटी आणि ताटातुटी चालायच्याच, तेव्हा दूर असलेल्यांनी एकच चंद्र पाहून समाधान मानावे, हा त्याचा भावार्थ. पुढच्याच वर्षी, १०७७ मध्ये, दोघा भावांना शूचौ येथे मध्यशरद एकत्र साजरा करण्याचा योग आला. परंतु कीर्ती लाभली ती विरहाच्या वर्षीच्या पदाला.

चंद्राच्या गोल पोळ्या, ज्यांवाचून आज या सणाची कल्पनाच करता येत नाही, त्या मात्र बऱ्याच उशिराच्या. ‘युएपिंग’ हे त्यांचे नाव. युए म्हणजे चंद्र आणि पिंग म्हणजे पिठाची गोल चपटी भाजणी. हांगचौच्या बाजारातील खाद्यपदार्थांच्या यादीत हे नाव तेराव्या शतकातच आढळते, पण तेथे ते बारमाही खाऊ म्हणून. या सणाशी तिची गाठ स्पष्टपणे बांधलेली दिसते ती मिंग राजवटीत. सोळाव्या शतकात थिएन रूछंग याने हांगचौविषयी लिहिताना सांगितले आहे की मध्यशरदाला लोक एकमेकांना चंद्रपोळ्या पाठवितात आणि त्यातून पुनर्मीलनाचा अर्थ घेतात. चिनी भाषेत पुनर्मीलनाला ‘त्वानयुआन’ म्हणतात, आणि त्या शब्दातच गोलपणाचा अर्थ आहे. त्यामुळे गोल चंद्र, गोल पोळी, गोल फळे आणि गोलाकार बसलेले कुटुंब ही सारी एका शब्दात बसतात.

१६३५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात ल्यू थुंग आणि यू यीचंग यांनी बीजिंगमधील घरगुती पूजेचे बारकाईने वर्णन केले आहे. नैवेद्याची फळे आणि पोळ्या गोलच हव्यात. कलिंगड करवतीच्या दात्यांप्रमाणे कापून कमळाच्या पाकळ्यांसारखे उमलविलेले असावे. कागदाच्या दुकानांतून चंद्राचे चित्र विकत आणीत. त्यात वर कमळावर बसलेला चंद्रप्रभ बोधिसत्त्व असे आणि खाली चंद्रबिंबात औषध कुटणारा, माणसासारखा उभा असलेला ससा. लहानातले लहान चित्र चार बोटांचे, तर मोठे दहा फुटांवर उंच. चंद्र ज्या दिशेला उगवतो तिकडे तोंड करून ते मांडीत, पूजा करून जाळीत, आणि मग नैवेद्य उतरवून घरातल्या प्रत्येकाला वाटीत. त्यात कोणी वगळले जाऊ नये असा कटाक्ष असे. नातलगांना पाठविलेल्या पोळ्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पोळ्याही असत.

या वर्णनातला एक नियम मराठी वाचकाला विशेष वाटेल. माहेरी गेलेल्या लेकीने या दिवशी सासरी परतलेच पाहिजे, असा दंडक होता, आणि म्हणूनच या सणाला पुनर्मीलनाचा सण म्हणत. आपल्याकडे त्याच भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात गौरी माहेरवाशीण म्हणून येते, तीन दिवस राहते, आणि पौर्णिमेच्या आधीच तिची पाठवणी होते. आपण लेकीच्या येण्याचा सोहळा करतो. त्यांनी तिच्या परत जाण्याला सणाचे नाव दिले. कुटुंब पूर्ण झाले ते सासरचे. माहेरच्या अंगणात त्या रात्री एक पाट रिकामाच राहत असणार, आणि त्याविषयी ग्रंथकार काही बोलत नाहीत.

मिंगांचे राज्य १६४४ मध्ये गेले आणि मांचूंचे छिंग घराणे आले. सण तसाच राहिला. त्या घराण्याच्या अस्तापूर्वी थोडेच आधी, १९०६ साली, फूछा तुन्‌छोंग या मांचू गृहस्थाने बीजिंगच्या वर्षभरातील सणांची नोंद प्रसिद्ध केली. मोठ्या घरांतून पोळ्या आणि फळे यांची देवाणघेवाण चाले. पूर्णचंद्र वर आला की अंगणात फळे मांडून सोयाबीनच्या हिरव्या शेंगांच्या डहाळ्या आणि कोंबड्याच्या तुऱ्याची फुले वाहत. पूजेला पुरुष सहसा नमस्कार करीत नसत. चंद्राची पूजा बायकांनी आणि चुलीच्या देवाची पुरुषांनी करावी अशी राजधानीत म्हणच होती. नैवेद्याच्या मोठ्या पोळीवर चंद्रमहाल आणि ससा यांचे ठसे असत. कोणी ती पूजेनंतर लगेच खात, तर कोणी वर्षअखेरच्या रात्रीपर्यंत जपून ठेवीत.

मुलांचा आनंद मात्र ‘थू-अर-ये’मध्ये असे. याला मराठीत ससोबा म्हणावे. पिवळ्या मातीचे हे ससे मिंगकाळाच्या अखेरीपासून बनत आले आहेत. कोणी टोपी-झग्यात छत्राखाली बसलेला, कोणी चिलखत घालून पाठीला निशाणे लावलेला, कोणी वाघावर स्वार. मोठे तीन फूट उंच, लहान फूटभर. आपल्या गणपतीशी तुलना सुचते, कारण मूर्ती मातीची आणि महिनाही तोच. पण ससोबा अर्धा देव आणि अर्धे खेळणे. मुलांनी मोठ्यांच्या पूजेची नक्कल करावी आणि मग त्याच्याशी खेळावे, असा त्याचा थाट. मोठ्यांना मात्र सणाची दुसरीही एक बाजू असे. पाचव्या महिन्यातला नौकांचा सण, मध्यशरद आणि वर्षअखेर ही देणी चुकती करण्याची तीन वेळची मुदत होती. अंगणात चंद्र उगवण्यापूर्वी दारात सावकार उभा असे.

दक्षिणेकडे सणाचे रूप बदलते. कुआंगतुंगमध्ये कमळबियांच्या पुरणात खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक घालतात. पोळी कापली की मध्ये चंद्र दिसतो. सूचौची पोळी खाजासारखी पापुद्र्यांची. हाँगकाँगमधील थायहांग वस्तीत १८८० पासून साथ घालविण्यासाठी अगरबत्त्या खोचलेला ६७ मीटर लांबीचा अग्निनाग नाचवितात. फूच्येनमधील शियामन बंदरात वाडग्यात सहा फासे टाकून पोळ्या जिंकण्याचा खेळ आहे. एका डावात ६३ पोळ्या असतात, एक, दोन, चार, आठ, सोळा आणि बत्तीस अशा उतरंडीच्या, आणि सर्वांत मोठीला राजपरीक्षेत पहिल्या आलेल्याचे नाव. सतराव्या शतकात चंग छंगकुंग याच्या फौजेतील घरची आठवण काढणाऱ्या शिपायांचे मन रमावे म्हणून हा खेळ निघाला, असे तेथील परंपरा सांगते.

परंपरेने सांगितलेले सारेच इतिहासात टिकत नाही. मंगोलांविरुद्ध उठावाचा निरोप चंद्रपोळ्यांत लपवून घरोघर पोहोचविला गेला आणि त्यातून १३६८ मध्ये मिंग राज्य आले, ही कथा चिनी मुलांना पाठ असते. त्या काळच्या साधनांत तिचा पत्ता लागत नाही; छिंग राजवटीच्या अखेरीस, परकी सत्ता नकोशी झाली तेव्हा, ती लोकांच्या तोंडी खेळू लागली. इतिहास म्हणून ती बाजूस ठेवावी लागते. पण घरगुती पोळीतही लोकांना राज्य परत मिळविण्याचे साधन दिसले, एवढे ती सांगते.

विसाव्या शतकात या सणाला पुन्हा एकदा परागंदा लेखक भेटला. १९३७ मध्ये जपानी फौजांनी बीजिंग घेतले. तेथेच वाढलेला कादंबरीकार लाओ श दूर पश्चिमेकडील छुंगछिंगजवळ राहत होता. १९४४ पासून त्याने चार पिढ्यांच्या एका बीजिंगवासी कुटुंबावर मोठी कादंबरी लिहिण्यास घेतली. तिच्यात वृद्ध छी आजोबा ताबा गेलेल्या शहरात मध्यशरदासाठी ससोबा आणायला निघतात. एरवी फळांनी आणि मातीच्या सशांनी भरलेले रस्ते ओस पडलेले; एखाददुसरा विक्रेता बसलेला. आजोबा पणतवंडांसाठी ससे घेतात खरे, पण ही कलाच आता नाहीशी होईल या चिंतेने त्यांचे मन खचते. आपल्या शहराचा सण लाओ शने आठशे वर्षांपूर्वीच्या मंगप्रमाणे दुरूनच लिहिला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या छळात त्याचा अंत झाला. त्या काळात जुन्या चालीरीतींवर गदा आली, ससोबाही दिसेनासे झाले. १९८० नंतर ते हळूहळू परतले. २००६ मध्ये चिनी सरकारने या सणाची राष्ट्रीय वारशात गणना केली आणि २००८ पासून त्याला सार्वजनिक सुट्टी मिळाली. २०१३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या चिनी यानाचे नाव छांग-अ होते, आणि त्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे नाव चंद्रावरच्या सशाचेच.

चीनमधून बाहेर पडलेल्यांनी हा सण बरोबर नेला, आणि त्यांतील काही आपल्याही देशात आले. कलकत्त्याची चिनी वस्ती सर्वश्रुत आहे. मुंबईत माझगावला १९१९ साली उभारलेले ‘सी यप कून’ हे चिनी मंदिर आहे. ‘सी यप’ म्हणजे चार तालुके; कुआंगतुंगमधील आपल्या मूळ मुलखाचेच नाव या लोकांनी परक्या बंदरातल्या वास्तूला दिले. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. कित्येकांचा जन्म याच भूमीत झालेला होता. अनेक कुटुंबे पुढे देश सोडून गेली. पुनर्मीलनाचा सण पाळणाऱ्या घरांची अशी पांगापांग आपल्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिची आपण फारशी दखल घेतली नाही.

पोळी कापण्याची उत्तरेकडील जुनी रीत सांगून लेख आटोपता घेतो. घरात एकूण माणसे किती, हे कापणारा आधी मोजतो. समोर बसलेली आणि परगावी असलेली सगळी त्यात धरावयाची. तुकडे तितकेच व्हावेत, एक अधिक नाही, एक उणा नाही, आणि सारे सारख्याच आकाराचे. जो आला नाही त्याचाही वाटा पडतो.

आपल्या घरांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या लष्कराबरोबर आणि दरबाराबरोबर आलेली आपली कुळे मूळ गावापासून दूर पौर्णिमा पाहत आली. आता आपलीच मुले त्याहून दूर गेली आहेत. ग्वाल्हेरच्या वाड्यांत कोजागरीचे दूध कोण आटवी, थोरल्या अपत्याला कोणत्या चौकात ओवाळीत, रात्र जागविण्यासाठी कोणते खेळ चालत, हे सांगणारी माणसे आज मोजकीच उरली आहेत. काइफंगचे नगर नदीच्या गाळाखाली गेले, पण तेथल्या मद्यशाळांची निशाणे कधी उतरत हे आपल्याला कळते, कारण एका निर्वासिताने ते वेळेवर लिहून ठेवले. आपल्या वाचकांपैकी ज्यांना अशा जुन्या पौर्णिमा आठवतात, त्यांनी त्या लिहून काढाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.